मैदानावर कोणी एकटे पडू नये यासाठी
संघ पाडताना दोन कर्णधारांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत प्रशिक्षकाने सर्वप्रथम बंद करावी, कारण शेवटी उरलेल्या मुलाला आपण नकोसे आहोत हे सर्वांदेखत कळते. त्याऐवजी रंगीत पट्ट्या वाटून गट पाडावेत. सराव सर्वांना जमावा म्हणून जागा, नियम आणि साहित्य यांत एकेक बदल करून पाहावा: दृष्टी अधू असलेल्या खेळाडूसाठी आवाज करणारा चेंडू घ्यावा, किंवा व्हीलचेअर टेनिसमध्ये असते तशी चेंडूच्या २ टप्प्यांची मुभा द्यावी.

एरवी बडबडी असलेली मुलगी २ आठवडे गप्प राहत असेल किंवा सराव टाळत असेल, तर साहित्य आवरताना तिच्या शेजारी उभे राहून ‘हल्ली झोप नीट लागते का?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. (समोर बसवून विचारले की ती उलटतपासणी वाटते.) निदान करणे हे प्रशिक्षकाचे काम नाही, त्यासाठी समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. मात्र स्वतःला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवल्यास तो गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये, तिला एकटे सोडू नये आणि तिच्या विश्वासातील मोठ्या माणसाला व डॉक्टरांना तत्काळ कळवावे.