कंपनीचं गिफ्ट गाडी पुसायला जातंय? या चुका टाळा

आमच्या पार्किंगमध्ये एका बाइकच्या हँडलला आमचाच टी-शर्ट अडकवलेला दिसला, सीट पुसायला. ग्रीसचे डाग पडलेले, पण लोगो एवढा मोठा की गेटवरून वाचता येत होता. आणि तो टी-शर्ट मीच फायनल केलेला. भोसरीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, दीडशेच्या आसपास माणसं, दिवाळीचं गिफ्ट काय, वर्धापनदिनाचं काय, सगळं माझ्याच गळ्यात असतं, त्यामुळे खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक हीच, लोगोचा आकार. साहेबांना वाटतं पैसे आपले आहेत तर नाव ठसठशीत दिसू दे, मग छातीवर आडवा लोगो, पाठीवर वेबसाइट, बाहीवर टॅगलाइन. अहो, तो घालून माणूस जाणार कुठे? भाजी आणायला पण नाही. डाव्या छातीवर अडीच-तीन इंच, एम्ब्रॉयडरी, कापडाशी मिळताजुळता धागा, बास. आणि टॅगलाइन काढूनच टाका, पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं एम्ब्रॉयडरीत बुजतात, आमच्या पहिल्या लॉटमध्ये नुसत्या गाठी दिसत होत्या. लोगोची फाइल पण व्हॉट्सअॅपवरून आलेली जेपीजी देऊ नका, ज्याने लोगो केला त्याच्याकडून व्हेक्टर फाइल मागून घ्या, नाहीतर कडा फाटलेल्या येतात.

प्रिंटच करायची असेल तर सॅम्पल घरी नेऊन तीनदा मशीनला लावा. स्क्रीन प्रिंटची शाई नीट तापवून पक्की केली नाही (साध्या प्लास्टिसॉल शाईला साधारण 160 डिग्री लागतात) तर तिसऱ्या-चौथ्या धुण्यात भेगा पडतात, आणि दिवाळीच्या घाईत हीच पायरी उरकली जाते. कापडाचं जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) विचारा, पोलो असेल तर 200-220, त्याच्या बरंच खाली गेलं की आतलं बनियन दिसतं. एकदा मी स्वस्तातलं पॉलिस्टरचं सॅम्पल घरी नेलं तर आई हात लावून म्हणाली, याचं पोतेरं पण होणार नाही गं, पाणीच टिपत नाही. ती ऑर्डर तिथेच कॅन्सल.

साइज अंदाजाने मागवू नका. एकाचा एल 40 असतो, दुसऱ्याचा 42. सॅम्पल टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावा, दुप्पट करा, तो आकडा लोकांना सांगा आणि मग साइज विचारा. माझ्या कपाटात अजून वीसेक स्मॉल पडून आहेत.

आता बाटली. बाटली चालते, पण तोंड रुंद हवं, हात किंवा ब्रश आत जायला हवा, नाहीतर पंधरा दिवसांत वास मारायला लागते आणि मग ती मनीप्लांटला जाते. स्टील 304 (भांड्यांसाठीचा चांगला ग्रेड) आहे का बघायला चुंबक लावा असं सगळे सांगतात, पण त्याहून हलकं 202 पण बहुतेक वेळा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला काही अर्थ नाही, ग्रेड बिलावर लिहूनच घ्या. स्टिकर किंवा साधी प्रिंट घासणीने निघते, लेझरने कोरलेलं राहतं. दीडशे सारख्या बाटल्या शॉपफ्लोअरवर एकत्र आल्या की कुणाची कुठली कळत नाही, म्हणून कोरायचंच असेल तर कंपनीचं नाव बारीक आणि माणसाचं नाव मोठं. पण नावं मराठीत असतील तर प्रूफ एकेक नाव वाचून तपासा, व्हेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, आमच्याकडे एका ज्ञानेश्वरचे चांगले चार तुकडे झाले होते.

पॉवर बँकच्या नादी मी आता लागत नाही. स्वस्तातल्या फुगतात, बीआयएसचा मार्क नसलेली तर घेऊच नका, आणि दिलीच तर विमानात ती केबिन बॅगेतच न्यायची हे कस्टमरना सांगून ठेवा.

वेळेचं गणित पण चुकतं. तारखांची डायरी फेब्रुवारीत हातात पडली की ती मुलांच्या रफ वहीच्या कामाची. छत्री जुलैत दिली तर माणसाने जूनमध्येच स्वतःची घेतलेली असते. दिवाळीची ऑर्डर मी गणपतीच्या आधी देते, त्यानंतर सगळे प्रिंटर बुक असतात आणि मिळेल ते घ्यावं लागतं. आणि कोटेशन बघताना जीएसटी धरूनच बघा, गिफ्ट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करता येत नाही, शेवटी अकाउंट्सवाले बोंबलतात.

अजून एक, ऑफिसचं डोकं लावून सगळ्यांसाठी घेऊ नका. माउसपॅड आणि पेन स्टँड मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाने कुठे ठेवायचे? घेण्याआधी कँटीनमध्ये जाऊन बसा आणि लोक कशात जेवतात ते बघा. मी बसले तेव्हा निम्म्या डब्यांच्या क्लिपा तुटलेल्या, एकाने तर रबरबँड लावून आणलेला. त्या वर्षी आम्ही तीन पुडाचा स्टीलचा डबा दिला, लोगो तळाला, झाकणाच्या वीस-पंचवीस जादा रिंगा पण मागवून ठेवल्या. साहेब नाराज होते, लोगो दिसतच नाही म्हणे. परवा पॅकिंगमधला एक हेल्पर आला, मॅडम त्या डब्याची रिंग आहे का अजून, सैल झालीय, आमटी सांडते. शेवटच्या दोन उरल्या होत्या, दोन्ही घेऊन गेला.