पाण्यावर उडणारे तागाचे रॉकेट कसे बांधावे

पाण्याचे रॉकेट म्हणजे शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी आणि पंपाने भरलेली हवा, हे वाचकांना माहीत आहे असे मी गृहीत धरतो. या लेखात सांगायचे आहे ते बाटलीभोवतीच्या अंगाबद्दल, म्हणजे खालचा पंखांचा पट्टा, वरची पॅराशूटची नळी, पंख आणि टोक यांबद्दल. हे सगळे पुठ्ठ्याऐवजी तागाचे कापड, पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीच्या बुंध्याचे रुंद आवरण) आणि घोसाळ्याची जाळी यांपासून उत्तम होते. पुठ्ठा दोन उड्डाणांत लगद्यासारखा होतो, तर नीट केलेली तागाची नळी माझ्याकडे दोन हिवाळे टिकलेली आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. फटाक्याची दारू काढून नळीत ठासण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. ते जिवावर बेतणारे आहेत, आणि आपल्याकडे 1884 च्या स्फोटक कायद्याखाली विनापरवाना असले काही बनवणे हा गुन्हाही आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये. दुसरी गोष्ट अशी की नैसर्गिक धाग्याच्या नळीवर हवेचा दाब कधीही घ्यायचा नाही. दाब बाटलीनेच सोसायचा. अठराव्या शतकातल्या म्हैसूरच्या रॉकेटांत हीच विभागणी होती: जळत्या वायूचा दाब लोखंडी नळा सोसत असे आणि त्याला बांधलेला बांबू फक्त दिशा सांभाळत असे. बाटलीवर ताग लपेटून तिच्यात दुप्पट दाब भरावा, असे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्या मैदानावर थांबू नये.

कापड कोणते घ्यावे याबाबत आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. आपल्याकडचे शेतकरी ताग म्हणतात तो बहुधा बोरू, म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो. दुकानात कापड मिळते ते बंगालकडच्या जूटचे, आणि रूढीप्रमाणे मीही त्याला तागच म्हणतो आहे. विणीचे छिद्र बारीक असलेले, चौरस मीटरला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरेल असे कापड घ्यावे. धान्याचे गोणपाट घेऊ नये. ते जाड असते, शिवाय गिरणीत धागा मऊ करण्यासाठी वापरलेले तेल त्यात राहिलेले असते आणि तेलकट धाग्यावर रेझिन, म्हणजे कापडात मुरून वाळल्यावर त्याला कडक करणारा चिकट द्रव, धरत नाही. नवे कापडसुद्धा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात एकदा धुवून दोनदा खळबळून घ्यावे.

साच्यासाठी 110 मिलिमीटर बाहेरील व्यासाचा, सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप घ्यावा. दोन लिटरच्या बऱ्याचशा बाटल्या त्यापेक्षा किंचित बारीक असतात, म्हणून आपली बाटली मोजून घ्यावी आणि फट राहिलीच तर बाटलीवर चिकटपट्टीचे वेढे द्यावेत.

आता ज्या टप्प्यावर माझा पूर्ण एक पावसाळा वाया गेला, तो टप्पा. मी पहिली नळी श्रावणात केली. कापड दोन दिवस पंख्याखाली वाळवलेले होते, हाताला कोरडे लागत होते, रेझिनचे प्रमाणही बरोबर होते. तरी दुसऱ्या दिवशी नळी दुधट पांढरी, जागोजागी फोड आलेली आणि नखाने पापुद्रा निघेल इतकी मऊ निघाली. मी रेझिनला दोष दिला, दुसरा डबा आणला आणि तशीच दुसरी नळी केली. चूक कापडाच्या पोटातल्या पाण्याची होती. ताग हा विलक्षण पाणीपिपासू धागा आहे. वस्त्रोद्योगात त्याचा प्रमाणित ओलावा 13.75 टक्के धरतात, म्हणजे शंभर ग्रॅम पूर्ण कोरड्या तागात साधारण हवेतसुद्धा पावणेचौदा ग्रॅम पाणी असते, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. हे पाणी हार्डनरच्या, म्हणजे रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळतात त्या द्रवाच्या, कामात ढवळाढवळ करते, रेझिन तापले की त्याच्या वाफेचे बुडबुडे होतात आणि धागा व रेझिन यांची पकड बसत नाही. कापड उन्हात वाळवून हे पाणी पुरते जात नाही. हाताला कोरडे लागणे ही कसोटीच नव्हे.

खरी कसोटी वजनाची. कापड नळीच्या मापाला कापून वजन करावे आणि शंभर ते एकशे पाच अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवावे. ओव्हन नसेल तर सुती कपड्यांची गरम, पण वाफेविना इस्त्री दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवत राहावे. मग पुन्हा वजन करावे, पुन्हा तापवावे, आणि लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत हे थांबवू नये. कापड गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, कारण उघड्यावर ठेवले तर घालवलेले पाणी ते हवेतून परत पिऊ लागते. रेझिन कालवून होईपर्यंत ही पिशवी उघडायची नाही. पावसाळ्यात हे काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीनंतरची कोरडी हवा उगीच वाया घालवू नये.

रेझिनच्या बाबतीतही वजनच महत्त्वाचे. मी वापरतो त्या इपॉक्सी जातीच्या रेझिनमध्ये शंभर भाग रेझिनला वजनाने दहा भाग हार्डनर लागतो. आपल्या डब्यावर लिहिलेले प्रमाण वेगळे असेल तर तेच पाळावे आणि लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवू नये. वीस सेंटिमीटरच्या नळीला सुमारे पस्तीस ग्रॅम मिश्रण पुरते, म्हणजे हार्डनर जेमतेम तीन ग्रॅम. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमची पायरी दाखवणारा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण तीन ग्रॅमला एक ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. दशांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्यावा. हातमोजे घालून, खिडक्या उघडून काम करावे. उरलेले मिश्रण खोल भांड्यात साठवू नये, ते भराभर तापते.

साच्याला रेझिन चिकटणे हे माझे दुसरे मोठे दुखणे होते. गाडीचे वॅक्स लावलेल्या पाइपवरची नळी निघाली नाही, ओढताना माझे मनगट लचकले आणि शेवटी पाइपसकट सगळे करवतीने कापावे लागले. त्यानंतर मी पाइप लांबीच्या दिशेने चिरून पाच मिलिमीटरची फट ठेवतो आणि त्या फटीत तेवढ्याच रुंदीची लाकडी पट्टी बसवतो. काम झाल्यावर पट्टी उपसली की पाइप आत दबतो आणि त्याचा व्यास दीड मिलिमीटरने कमी होतो. पाइपवर आधी पारदर्शक पॉलिएस्टरच्या शीटचा एक वेढा द्यावा. बाटलीही याच जातीच्या प्लॅस्टिकची असते आणि इपॉक्सी त्याला नीट धरत नाही. पंख बसवताना हाच गुण आपल्याला छळणार आहे. इथे मात्र तो कामी येतो.

साच्यावर कापड गुंडाळून वरून ब्रशने रेझिन फासण्याची पद्धत मला मान्य नाही. त्यात वरचा थर निथळतो आणि आतला कोरडा राहतो. टेबलावर प्लॅस्टिक पसरून त्यावर कापड ठेवावे, रेझिन ओतून जुन्या बँक कार्डाने दाबत पसरावे आणि कापड सगळीकडे सारखे गडद झाले की जादा रेझिन त्याच कार्डाने खरवडून काढावे. तागाचा एकच थर, दीड सेंटिमीटरची जोडावर जोड, आणि त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या मलमलीचा एक थर. दोन थर ताग लावले तर मजबुती वाढेल हा मोह आवरावा. ताग रेझिन फार पितो आणि नळी बाटलीच्या दुपटीने जड होते. माझी वीस सेंटिमीटरची नळी साधारण पन्नास ग्रॅम भरते, रिकामी बाटलीही जवळपास तेवढीच असते.

गुंडाळून झाले की दुधाच्या पिशव्या उभ्या कापून केलेल्या तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या मधे थोडी फट ठेवून तिरप्या लपेटाव्यात आणि त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. फटींतून रेझिनचे थेंब बाहेर येतात. ते जितके येतील तितकी नळी हलकी. चोवीस तास हात लावू नये. मग सगळे सोडून, लाकडी पट्टी उपसून नळी काढावी. वरच्या नळीखेरीज आठ सेंटिमीटरचा एक तुकडा खालच्या पट्ट्यासाठी लागेल.

नळीची टोके कापली की तागाचे शेकडो धागे उघडे पडतात आणि प्रत्येक धागा वातीसारखा पाणी वर ओढतो. हे रॉकेट पाण्यावर चालते, त्यामुळे ही हयगय लगेच भोवते. माझ्या एका रॉकेटचा पंख तिसऱ्या उड्डाणाला मुळासकट सुटला. पाहिले तर न झाकलेल्या कडेपासून चार सेंटिमीटरपर्यंत ताग फुगून थर सुटले होते. म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला, प्रत्येक भोकाच्या काठाला रेझिनचे दोन हात द्यावेत आणि आठवड्याने नळी वजन करून रात्रभर बादलीत बुडवून ठेवावी. सकाळी पुसून पुन्हा वजन करावे. पन्नास ग्रॅमच्या नळीने दोन ग्रॅमपेक्षा जास्त पाणी घेतले असेल तर कुठेतरी कड उघडी आहे, ती शोधावी.

पंख पोफळीच्या विरीचे करावेत. कोकणात ज्या विरीच्या पत्रावळी दाबून काढतात तीच ओली करून जाड पुस्तकांखाली सपाट होईपर्यंत दाबावी, तागासारखीच कोरडी करावी आणि दोन तुकडे शिरा आडव्या-उभ्या येतील असे रेझिनने चिकटवावेत. तीन पंख पुरतात. ते बाटलीला कधीही चिकटवू नयेत, कारण तिथे इपॉक्सी धरत नाही आणि पकड यावी म्हणून बाटली घासली तर ती तिथेच फुटते. पंख खालच्या तागाच्या पट्ट्याला रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून बसवावेत आणि पट्टा बाटलीवर सरकवून चिकटपट्टीने बांधावा.

टोक जाड कागदाच्या शंकूचे, आणि शेवटचे सहा सेंटिमीटर वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे, वरून ताणलेला रबरी फुगा. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यावरून प्रेरणा घेऊन वाळका भोपळा लावण्याची हौस मलाही होती, पण कठीण टोकाचे रॉकेट पॅराशूट न उघडता आले तर ते कुणाच्या तरी डोक्यावर येते. जाळी चेपते, म्हणून तीच लावावी.

उडवण्याआधी रिकाम्या रॉकेटला त्याच्या तोलाच्या बिंदूवर दोरी बांधून डोक्याभोवती फिरवावे. टोक पुढे राहिले तर ठीक, नाही तर वरच्या नळीच्या आत तीस-चाळीस ग्रॅम शाडू माती लावून पुन्हा फिरवावे. दाब साठ पीएसआयच्या (पंपाच्या काट्यावरचे दाबाचे माप, दर चौरस इंचावर पौंड) वर नेऊ नये, सोडण्याची दोरी किमान दहा मीटरची असावी, आणि चरा पडलेली किंवा उन्हात राहिलेली बाटली फेकून द्यावी. संध्याकाळी घरी आल्यावर पट्टा आणि नळी बाटलीवरून काढून, उभ्या ठेवून, पंख्याखाली वाळवाव्यात.