शिकाऊ उमेदवारीच्या मेळाव्याआधी काय काय तयार ठेवायचं

आधी दहावीचं मार्कलिस्ट आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव पुढे असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रमाचा हा फरक सहसा चालून जातो. अडतं ते स्पेलिंगवर आणि जन्मतारखेवर. काहींच्या जुन्या आधारवर तर नुसतं जन्मवर्षच छापलेलं असतं. अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या, सरकारी पोर्टलवरची नोंदणी आधारवरून होते, आयटीआयचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी भरलेल्या नावावर येतं, आणि दोन्हींत फरक निघाला की कंपनीचा एचआर फाइल बाजूला ठेवतो. दुरुस्ती करायचीच तर दहावीचं मार्कलिस्ट प्रमाण धरा आणि एकदाच, नीट करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईत चुकीची दुरुस्ती करून घेतली की पुढे फार हेलपाटे पडतात. म्हणून हे काम मेळाव्याच्या तीन महिने आधीचं.

त्यानंतर बँक खातं. सरकारच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा, म्हणजे शिकाऊ असताना महिन्याला मिळणाऱ्या पैशांचा, 25 टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं आणि उरलेला कंपनी देते. सरकारचा हिस्सा खाते क्रमांकावर येत नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आधार शेवटचं ज्या बँकेत जोडलं गेलं, पैसे तिकडेच जातात. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि नंतर बंद पडलेलं एखादं खातं अजून जोडलेलं असलं, तर महिनोन्महिने पैसे का येत नाहीत ते कळतही नाही. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते बघता येतं, तिथे तपासा. अठराच्या आत पालकांच्या सहीने उघडलेलं खातं असेल तर बँकेत जाऊन ते सज्ञान म्हणून बदलून घ्या. मोबाइल नंबर स्वतःचा ठेवा, भावाचा किंवा मित्राचा नको. नोंदणीचा ओटीपी, मुलाखतीचा निरोप, रुजू व्हायची तारीख, सगळं त्याच नंबरवर येतं.

फाइलमध्ये दहावीचं मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयच्या दोन्ही वर्षांची गुणपत्रकं, आधार, पासबुकचं पहिलं पान आणि लागू असेल तर जातीचा दाखला ठेवा. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि आठ-दहा फोटो पुरतात. मूळ कागद फक्त दाखवायचे, कोणाकडे ठेवायला द्यायचे नाहीत. सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवरही असू द्या.

बायोडाटा एका पानाचा पुरे. वडिलांचा व्यवसाय, छंद, धर्म असल्या ओळींना त्यात जागा नको. ट्रेड, संस्थेचं नाव आणि वर्ष एवढं लिहून झालं की उरलेलं पान हाताने काय काय केलंय त्याला द्या. टर्नर असाल तर किती लांबीच्या लेथवर काम केलं, थ्रेडिंग केलं का, टेपर कोणत्या पद्धतीने काढला. वेल्डर असाल तर कोणत्या पोझिशनमध्ये आणि किती जाडीच्या प्लेटवर. सीएनसी नुसतं दुरून पाहिलं असेल तर ‘सीएनसी येतं’ असं लिहू नका. जी-कोड आणि एम-कोडमधला फरक विचारला की दोन मिनिटांत उघडं पडतं.

खरी तयारी मात्र वर्कशॉपमध्ये होते. मेळाव्यात एकेका उमेदवाराला फार वेळ मिळत नाही, त्यामुळे सुपरवायझर पुस्तकाऐवजी तुमच्याच जॉबबद्दल विचारतो आणि टेबलावरचं एखादं मोजमापाचं साधन हातात देतो. बहुतेकांची विकेट इथेच पडते. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी हे सगळ्यांना पाठ असतं, पण का ते सांगता आलं पाहिजे. मुख्य पट्टीवरचे 49 मिमी व्हर्नियरवर 50 भागांत विभागले आहेत, म्हणून एक भाग 0.98 मिमीचा झाला आणि 1 मिमीतून तो गेला की 0.02 उरले. मायक्रोमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) अर्धा मिमी आणि थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, 50 भाग, म्हणून 0.01. माप घेण्याआधी जबडे पुसून शून्य जुळतंय का ते बघायची सवय लावून घ्या. समोरचा माणूस वाचलेल्या आकड्याइतकंच या एका हालचालीकडे बघत असतो. घट्ट दाबून माप घेणं ही दुसरी नेहमीची चूक. मायक्रोमीटर रॅचेटनेच फिरवायचा, टक-टक आवाज आला की थांबायचं.

फिटरला ड्रिल आणि टॅपचं (भोकात आटे पाडायच्या हत्याराचं) गणित तोंडी यायला हवं. एम10 चा पिच 1.5, म्हणजे 10 वजा 1.5, ड्रिल 8.5 मिमीचं. ‘टॅप का तुटतो’ या प्रश्नाला ‘जोर जास्त लावल्यामुळे’ हे उत्तर अर्धंच. भोक लहान पडलं, टॅप सरळ बसला नाही, अर्धा-पाऊण आटा पुढे गेल्यावर मागे फिरवून चिप तोडली नाही किंवा माइल्ड स्टीलला तेल घातलं नाही, यातलं एखादं कारण सांगता आलं पाहिजे. फिरण्याच्या वेगाचं सूत्रही नुसतं पाठ करू नका, सोडवून बघा. कटिंग स्पीड मिनिटाला 25 मीटर आणि ड्रिल 10 मिमीचं असेल तर 25 गुणिले 1000, भागिले 3.14 गुणिले 10, म्हणजे साधारण 796 आरपीएम. मशीनवर त्याच्या जवळचा, खालचा गिअर टाकायचा.

इलेक्ट्रिशियनला मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर हमखास विचारतात. आकृती काढून दाखवा आणि पुढचं एक वाक्य न विचारता सांगा: सुरुवातीचा करंट एक-तृतीयांश होतो तसा टॉर्कही एक-तृतीयांश होतो, म्हणून पूर्ण लोडसकट सुरू करायच्या मोटरला हा स्टार्टर चालत नाही. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावण्याआधी सप्लाय बंद करून खात्री करायची, हे बोलून दाखवा. वेल्डरने अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) दाखवून त्याचं कारण सांगावं: करंट जास्त, आर्क लांब किंवा हात फार वेगाने चालला. ड्रॉइंग वाचणं सगळ्याच ट्रेडना लागतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, त्याचं चिन्ह ओळखा, आणि 25 ±0.02 असं लिहिलं असेल तर 24.98 ते 25.02 पर्यंतचा जॉब पास, हे न अडखळता सांगता आलं नाही तर आठवडाभर रोज एक ड्रॉइंग घेऊन बसा. निदेशक सरांकडून जुन्या जॉबची ड्रॉइंग मागून घेतली की काम भागतं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीच्या शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदी चालते. मात्र साधनांची, दोषांची आणि सूचना-फलकांवरची इंग्रजी नावं ओळखता आली पाहिजेत आणि स्वतःची ओळख चार वाक्यांत न थांबता सांगता आली पाहिजे.

सही करण्याआधीच्या चौकशीत मुलं सगळ्यात कमी पडतात. एका ट्रेडची शिकाऊ उमेदवारी एकदा झाली किंवा सुरू असली की रेल्वेच्या शिकाऊ भरतीत तुम्ही अपात्र ठरता. रेल्वेची गुणवत्ता यादी दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर लागते, लेखी परीक्षा नसते. तुमचे दोन्हीकडचे गुण चांगले असतील आणि वय 24 च्या आत असेल, तर पहिल्या मेळाव्यात हाताला लागेल ते धरण्याआधी त्या जाहिरातीची वाट बघावी का, याचा घरी बसून विचार करा. गुण जेमतेम असतील तर वाट बघण्यात वर्ष घालवू नका.

कंपनी ‘ट्रेनी’ म्हणते की ‘शिकाऊ उमेदवार’, हे स्पष्ट विचारा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा करार पोर्टलवर नोंदला जातो, तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो, आणि त्याच्याच जोरावर शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदाराच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून वर्षभर मशीन चालवलं तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. महिना उलटला तरी पोर्टलवर करार दिसत नसेल तर जवळच्या आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात तिथे, जाऊन विचारा. रुजू होण्यासाठी, युनिफॉर्मसाठी किंवा डिपॉझिट म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही. तोंडी आश्वासनाला किंमत देण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या मुलांतले किती ठेवले ते आत काम करणाऱ्याला विचारा.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान 7,000 रुपये धरले होते, कंपन्या जास्तही देतात. आकडा विचाराल तेव्हा कँटीनचे किती कापतात, बस कोणत्या थांब्यापर्यंत येते, पाळ्या किती हेही विचारा. पहिली पाळी सकाळी सहा-सातला सुरू होत असेल आणि बस नसेल, तर कॉट बेसिसची, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं द्यायची, खोली कंपनीजवळच घ्यावी लागते. तिचं डिपॉझिट, डब्याचे पैसे आणि पहिलं विद्यावेतन हातात येईपर्यंतचा दीड महिन्याचा खर्च घरातून आधी लागतो, तो बाजूला ठेवा. मुलींनी दुसऱ्या पाळीनंतरच्या परतीच्या बसचं आधीच नक्की करून घ्यावं.

पहिल्या आठवड्यात सोबत लागतं ते थोडंच: मापाचे, आतून न चावणारे सेफ्टी शूज (कंपनी देणार असेल तरी नंबर नीट सांगा), अंगठी-कडं-साखळी घरी, बाह्या मनगटाशी बंद होणारा शर्ट आणि खिशात छोटी वही. रोज काय केलं, कोणतं मशीन, कोणता जॉब, काय बिघडलं हे त्याच दिवशी लिहा. शिकाऊ उमेदवाराला लॉगबुक भरावं लागतं. ते महिन्याच्या शेवटी आठवून भरायला बसलं की सगळ्या दिवसांना ‘असेंब्लीत मदत केली’ एवढंच सुचतं, आणि परीक्षेच्या तोंडी भागात परीक्षक तेच पान उघडतो.