ग्रामपंचायतीच्या संगणकावर रोज सकाळी 'कनेक्शन खाजगी नाही': माझा अनुभव

मालवण तालुक्यातली किनाऱ्यालगतची आमची ग्रामपंचायत. रात्री लाईट गेली की सकाळी एकही सरकारी पोर्टल उघडेना. ब्राउझर बदलला, कॅशे साफ केली, राउटर बदलला. दाखल्यासाठी आलेल्या आजी बाकावर ताटकळत, आणि मी नेटवाल्याला शिव्या घालतोय! मग संगणकाच्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१५. तारीख चुकली की पोर्टलची सुरक्षा प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याची, ठरावीक मुदतीची डिजिटल ओळखपत्रं) ब्राउझर ग्राह्यच धरत नाही.

आधी वायर काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबलं. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर २०३२ सेल काढला; लाईट नसताना घड्याळ चालू ठेवणारा हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते. खाऱ्या हवेनं सेलखालच्या धातूच्या पट्टीवर हिरवट थर धरलेला (इथे कुलपंही गंजतात), तो खोडरबरानं घासला. नवा ३ व्होल्टचा सेल, अधिकची खूण वर. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरून सेव्ह. शेवटी विंडोजमध्ये टाइम झोन +५:३० ठेवून 'सिंक नाऊ' दाबलं, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवली. पोर्टल लगेच उघडलं.