फिझिकमाँ: एका शब्दापायी रखडलेली फाइल

फ्रेंच शिकायला लागून सहा-आठ महिने झाले की एक गोड टप्पा येतो. क्रियाविशेषणं भराभर ओळखू यायला लागतात. शेवटी 'माँ' दिसलं की इंग्रजीतलं 'ली' लावायचं आणि पुढे सरकायचं. नोर्मालमाँ म्हणजे नॉर्मली, रापिदमाँ म्हणजे रॅपिडली, फिझिकमाँ म्हणजे फिजिकली. मीही हेच केलं. पहिल्या दोघांनी मला आजवर कधी त्रास दिला नाही. तिसऱ्याने पहिल्याच नोकरीत प्रोबेशनवर असताना घाम फोडला.

फ्रेंचची ए-टू पातळी आटोपून त्यापुढच्या बी-वनमध्ये शिरलेल्यांसाठी हे लिहितेय, त्यामुळे व्याकरण उगाळत नाही. विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप घ्यायचं आणि 'माँ' जोडायचं, हे तुम्हाला येतं. 'फिझीक' दोन्ही लिंगांत सारखंच, म्हणजे तेवढंही काम नाही. (स्पेलिंगचा छळ खरं तर इंग्रजीच जास्त करते. फिजिकलीत उच्चारात न येणारा 'ए' लिहावा लागतो आणि पब्लिकलीत तो नेमका लिहायचा नसतो.) उच्चाराचं एकच सांगते. शेवटचा 'त' विसरा, आणि 'मान' किंवा 'मांत' म्हणू नका. स्वर नाकात सोडायचा आणि थांबायचं. आमच्या वर्गात म्हापशाची एक मुलगी होती, तिला हे पहिल्या दिवसापासून जमलं, कारण कोंकणीत नाकातले स्वर रोजचेच. आम्ही घाटावरचे महिनाभर आरशासमोर.

आता मूळ भानगड.

पुण्यातल्या एका कंपनीत फ्रेंच कागदपत्रं इंग्रजीत करायचं काम मिळालं होतं. मोटार अपघाताचे विमा-दावे. फ्रान्समधल्या लोकांची पत्रं, डॉक्टरांचे दाखले, गॅरेजची बिलं. बी.कॉम. करून चोविसाव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेल्या मुलीला ही नोकरी म्हणजे लॉटरी होती. तिसऱ्या आठवड्यात एका वयस्कर गृहस्थांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. निळी शाई, तिरकं अक्षर, आणि मधे एक वाक्य: दप्वी लाक्सिदाँ, ज स्वी त्रे दिमिन्युए, फिझिकमाँ ए मोरालमाँ.

मला इतका आनंद झाला! एकही शब्द शोधावा लागला नाही. 'सिन्स द ॲक्सिडेंट आय ॲम मच डिमिनिश्ड, फिजिकली अँड मोरली.' पाठवून दिलं आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या इंग्रजी टीमकडून समासात प्रश्न आला: हे गृहस्थ चूक कबूल करताहेत का?

मला प्रश्नच कळला नाही. तासाभराने कळला आणि कान गरम झाले. इंग्रजीत 'मोरली' म्हटलं की नीती आली, बरं-वाईट आलं, दोष आला. 'मोरली डिमिनिश्ड' म्हणजे माझ्या हातून पाप घडलंय, मी माणूस म्हणून खाली आलोय, असं काहीतरी. अपघाताच्या दाव्यात असं वाक्य म्हणजे कबुलीजबाबच! बिचारे गृहस्थ एवढंच सांगत होते की अंगाने खचलोय आणि मनानेही खचलोय.

फाइल चार दिवस रखडली.

या सापळ्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण तो एका शब्दाचा नाही, जोडीचा आहे. फ्रेंच माणूस 'फिझिकमाँ' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मागोमाग 'मोरालमाँ' येतंच, आपल्याकडे तनामागे मन येतं तसं. या जोडीत मोरालमाँचा अर्थ मनाने, मनोबलाच्या बाजूने. नीतीचा अर्थही फ्रेंचमध्ये आहे, नाही असं नाही. 'मोरालमाँ कोंदानाब्ल' म्हणजे नैतिकदृष्ट्या निषेधार्हच. पण शेजारी शरीर उभं असेल तर समोरचा नीतीबद्दल बोलत नसतो, मनाबद्दल बोलत असतो. नामांमध्येही तीच गंमत. 'ल मोराल' पुल्लिंगी, म्हणजे मनाची उभारी. 'ला मोराल' स्त्रीलिंगी, शेवटी एक मुका 'ई' जास्त, म्हणजे नीती किंवा गोष्टीचं तात्पर्य. कानाला फरक फक्त 'ल' आणि 'ला'चा.

कायद्यात तर हे जागोजागी पेरलेलं आहे. 'आर्सेलमाँ मोराल' म्हणजे कामाच्या ठिकाणचा मानसिक छळ. फ्रान्सच्या कामगार कायद्यात तो 2002 साली आला, आणि त्या कलमात आरोग्याचा उल्लेख करताना मात्र 'फिझीक ऊ माँताल' असे शब्द आहेत, शारीरिक किंवा मानसिक. म्हणजे छळ 'मोराल' आणि बिघडणारं आरोग्य 'माँताल'. तर्क शोधायला जाऊ नका, मी गेले होते. 'प्रेज्युदिस मोराल' म्हणजे मनस्तापाची, अब्रूची, जिवलग गेल्याच्या दुःखाची हानी. तिचं 'मॉरल प्रेज्युडिस' केलंत तर इंग्रज वाचक तुमच्याकडे पूर्वग्रहाची तक्रार घेऊन येईल. आणि सगळ्यात खतरनाक जोडी: 'पेर्सॉन फिझीक' आणि 'पेर्सॉन मोराल'. पहिली म्हणजे हाडामांसाची व्यक्ती, इंग्रजी करारात 'नॅचरल पर्सन'. दुसरी म्हणजे कंपनी, संस्था, नगरपालिका, 'लीगल पर्सन'. मी एका करारात 'मॉरल पर्सन' लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माझं नव्हतं. (या वेळी.)

तेव्हा फिझिकमाँ एकटा पाठ करू नका. नवरा-बायकोला एकत्र आमंत्रण द्यावं तसा जोडीने वहीत लिहा.

आता त्याची दुसरी खोड. 'ल फिझीक' म्हणजे माणसाचं रूप, देहयष्टी. 'ला फिझीक' म्हणजे पदार्थविज्ञान. त्यामुळे फिझिकमाँचा एक अगदी रोजचा अर्थ आहे 'दिसायला'. 'फिझिकमाँ, एल रसाँब्ल आ सा मेर' म्हणजे ती दिसायला आईवर गेलीय. इथे 'फिजिकली शी रिझेम्बल्स हर मदर' चुकीचं नाही, पण कुणी इंग्रज घरात असं बोलत नाही. 'शी लुक्स लाइक हर मदर' म्हटलं की झालं, क्रियाविशेषण गायब! आणि मराठीत 'शारीरिकदृष्ट्या ती आईसारखी आहे' असं कुणी म्हटलं तर आपण त्याला पाणी विचारू. क्लासमध्ये मात्र हेच भाषांतर फळ्यावर असतं, कारण शब्दकोशात पहिला अर्थ तोच छापलेला असतो.

तिसरा अर्थ मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही, फुटबॉलच्या समालोचनाने शिकवला. तिथे दर दोन मिनिटांनी फिझिकमाँ येतं. अमका फिझिकमाँ तयार नाही, तमका संघ फिझिकमाँ टिकला. म्हणजे दमसास, फिटनेस. 'प्रेपाराटर फिझीक' म्हणजे संघाचा फिटनेस प्रशिक्षक. आणि त्या गृहस्थांच्या पत्रातला 'दिमिन्युए'ही तिथे रोज भेटतो. दुखापतीमुळे पूर्ण जोरात नसलेला खेळाडू तो 'दिमिन्युए'. हे आधी ऐकलं असतं तर 'डिमिनिश्ड' लिहिलं नसतं. म्हणून माझं ठाम मत: शब्द लवकर पाठ होत असतील तर ॲप वापरा, पण रोज पंधरा मिनिटं रेडिओ ऐका. कळलं नाही तरी ऐका.

उलट्या दिशेनेही खड्डे आहेत. इंग्रजी 'फिजिकली' हल्ली कुठेही घुसतं. 'आय हॅव टु फिजिकली गो टु द बँक.' इथे फ्रेंच माणूस 'आँ पेर्सॉन' किंवा 'स्युर प्लास' म्हणेल, स्वतः, जागेवर जाऊन. 'देअर इज फिजिकली नो टाइम' असं म्हणायचं असेल तर फ्रेंचमध्ये 'मातेरिएलमाँ' ऐकू येतं: ज्ने मातेरिएलमाँ पा ल ताँ, मला खरोखर वेळच नाही. आणि हा मातेरिएलमाँ इंग्रजीत 'मटेरिअली' केला की अर्थ होतो 'लक्षणीयरीत्या', म्हणजे पुन्हा आडवे. फिझिसियँ म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आजच लिहून ठेवा.

जागेचंही बघा. इंग्रजीत 'ही वॉज फिजिकली अटॅक्ड', क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी. फ्रेंचमध्ये 'इल आ एते आग्रेसे फिझिकमाँ', शेवटी. लांबलचक 'माँ'वाली क्रियाविशेषणं संयुक्त काळात सहसा कृदंतानंतर बसतात. मी वर्षभर ती मधे कोंबत होते आणि तपासणारे लाल गोल करत होते.

शरीरासाठी दुसरं क्रियाविशेषणही आहे, कॉर्पोरेलमाँ. रोजच्या बोलण्यात ते क्वचितच. जास्त दिसतं ते त्याचं विशेषण: 'दोमाज कॉर्पोरेल' म्हणजे माणसाला झालेली इजा, 'दोमाज मातेरिएल' म्हणजे गाडीचं नुकसान. इंग्रजीत पहिल्याला 'बॉडिली इंज्युरी' म्हणतात, 'कॉर्पोरल डॅमेज' नाही. 'कॉर्पोरल' फक्त शाळेतल्या छडीपुरता ठेवा. कॉर्पोरेलमाँ मला एकदाच मनापासून कळला, तो बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात. ख्रिस्ताच्या ठायी देवत्वाची पूर्णता कशी वसते, तर इंग्रजीत 'बॉडिली', फ्रेंचमध्ये 'कॉर्पोरेलमाँ'. आणि मला एकदम आपला 'सदेह' आठवला. तुकोबा वैकुंठाला फिजिकली गेले असं म्हणून बघा बरं! 'सदेह'ला जे वजन आहे तेच या जुन्या 'बॉडिली'ला आहे. शब्द पक्का बसायला असं एखादं मराठी खुंटाळं लागतं.

मात्र शरीराचं नाव दिसलं की शरीरच असेल असंही नाही. 'आ कोर पेर्द्यू' म्हणजे जीव ओतून, मागचा-पुढचा विचार न करता. 'आ सों कोर देफाँदाँ' म्हणजे मनाविरुद्ध, नाइलाजाने. त्यात शरीराला कुणी हातही लावलेला नसतो.

आता थोडं कडू. 'स्पेलिंग सारखं की अर्थ सारखा' हा मंत्र मला ऑफिसातल्या एका सीनियरने दिला होता. माणूस चांगला, डबा वाटून खाणारा, पण नऊ वर्षं याच मंत्रावर काम करत होता आणि त्याच्या चुका दुसरंच कुणीतरी निस्तरत होतं. अनुभवी माणूस आणि शिकवू शकणारा माणूस, हे दोन वेगळे प्राणी असतात. मला खरं शिकवलं ते क्लासमधल्या एका वयस्कर बाईंनी. त्या कधीच अर्थ सांगत नसत. 'कुणी, कुणाला, कधी म्हटलं?' एवढंच विचारत. तेव्हा राग यायचा. फी भरून प्रश्नच विकत घेतल्यासारखं वाटायचं.

आणि ते टेलिग्रामवर फिरणारे 'पाच हजार फ्रेंच-इंग्रजी जुळे शब्द' फोनमधून काढून टाका, आत्ताच. शब्द अडला तर फ्रान्समधल्या नाँसीहून चालणाऱ्या सीएनआरटीएल या शब्दकोशांच्या वेबसाइटवर जा, फुकट आहे. तिथे जुन्या मोठ्या कोशातला प्रत्येक अर्थ उदाहरणासकट मिळतो. जड वाटेल. पहिली दोनच उदाहरणं वाचा, तेवढी पुरतात. यांत्रिक भाषांतराला माझा विरोध नाही, पण स्वतःचं करून झाल्यावर. आधी त्याचं वाचलं की आपलं डोकं चालायचं थांबतं.

एवढं वाचून कुणी घाबरलं असेल तर थांबा. डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा, तिच्या बी-टू पातळीला शंभरपैकी पन्नास लागतात, आणि चारही भागांत पंचविसांपैकी किमान पाच. एका मोरालमाँवरून कुणी नापास होत नाही. मीही पास झाले, ही फाइल होऊन गेल्यावर आठ महिन्यांनी, आणि तोंडी परीक्षेत 'ला मोराल'च्या जागी 'ल मोराल' म्हणूनसुद्धा. परीक्षकबाई हसल्या, मीही हसले, पुढे गेलो. नोकरीत मात्र कुणी हसत नाही. तिथे तुमच्या वाक्यावर कुणाचे तरी पैसे अडकलेले असतात.

त्या गृहस्थांच्या वाक्याचं शेवटी काय केलं, हे हटकून विचारतात. चौथ्या दिवशी मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाक्याच्या वर त्यांनी लिहिलं होतं की हल्ली जिना चढवत नाही, आणि खाली लिहिलं होतं की बागेत जायची इच्छा होत नाही. एक ओळ अंगाची, एक मनाची, आणि मधे ते वाक्य. मी लिहिलं: 'सिन्स द ॲक्सिडेंट माय हेल्थ हॅज सफर्ड बॅडली, अँड सो हॅव माय स्पिरिट्स.' दोन्ही क्रियाविशेषणं गेली. पाठवताना बोट थरथरत होतं.

संध्याकाळी समासात उत्तर आलं. 'ओके.'