मुक्त जॅझ, हिप-हॉप आणि कविता यांचा एकत्र प्रयोग कसा ऐकावा

फिलाडेल्फियाच्या कवयित्री कमाए अयेवा मंचावर 'मूर मदर' या नावाने ओळखल्या जातात. त्यांचा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा 'इर्रिव्हर्सिबल एन्टँगलमेंट्स' हा मुक्त जॅझचा, म्हणजे ठरलेल्या चालीत न अडकता उत्स्फूर्तपणे वाजवल्या जाणाऱ्या जॅझचा, संच पहिल्यांदा ऐकताना बहुतेक जण शब्द पकडायला धावतात, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या गदारोळात निम्मे शब्द निसटतात आणि मग हे संगीत आपल्यासाठी नव्हे, असे ठरवून ते मोकळे होतात. येथे कवयित्री ही गायिका नाही आणि बाकीचे चौघे तिचे साथीदार नाहीत. तिचा आवाज हे पाचवे वाद्य आहे, एवढे मान्य केले की ऐकण्याची रीतच बदलते.

तयारी घरी करावी आणि ती अमेरिकन कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांच्यापासून सुरू करावी. 'द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड' ही त्यांची रचना दोन रूपांत ऐकता येते. १९७० च्या रूपात काँगा-बाँगो या हाताने वाजवायच्या ढोलांच्या ठेक्यावर केवळ पठण आहे. १९७१ च्या रूपात ह्यूबर्ट लॉज यांची बासरी, रॉन कार्टर यांचा बास (खर्जातले तंतुवाद्य) आणि बर्नार्ड पर्डी यांचे ड्रम्स आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकावीत आणि दुसरे रूप पुन्हा लावून शब्दांकडे मुद्दाम दुर्लक्ष करत फक्त बास ऐकावा. पहिल्या रूपात कुठे थांबायचे हे बरेचसे कवीच्या हाती आहे. दुसऱ्यात बासची चाल त्याला पुढे रेटत राहते, आणि रॅप पुढे ज्या वाटेने गेले ती वाट येथेच दिसू लागते. हेच रॉन कार्टर १९९१ मध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप-हॉप गटाच्या 'द लो एंड थिअरी' या अल्बममध्ये वाजवताना भेटतात, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

मागे जायचे असेल, तर कवी लँगस्टन ह्यूज आणि जॅझ बासवादक चार्ल्स मिंगस (१९५८), न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट या जॅझ संचासह कवी अमिरी बराका (१९६४) आणि १९ मे १९६८ रोजी, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये उभा राहिलेला 'द लास्ट पोएट्स' हा कवींचा गट, एवढे पुरे.

'इर्रिव्हर्सिबल एन्टँगलमेंट्स'ची सुरुवात २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, पोलिसी अत्याचारांच्या विरोधात संगीतकारांनी भरवलेल्या एका कार्यक्रमातून झाली. पहिला अल्बम २०१७ मध्ये आला. संतापाचा हा उगम लक्षात ठेवावा, कारण त्यामुळेच एखादी ओळ अनेकदा परत येते. ती परत आली की अर्थ शोधत न बसता या वेळी जोर कोणत्या शब्दावर पडला आणि ड्रमरने त्याला काय उत्तर दिले, हे पाहावे. आपल्या कानांना समेची ओढ असते. येथे ठरलेले आवर्तन बहुधा नसतेच, म्हणून समेची वाट पाहणारा श्रोता शेवटपर्यंत अस्वस्थ राहतो. त्याऐवजी बासवर कान ठेवावा. इतर सगळे सुटून गेले तरी परतायला एक जागा उरते.

प्रत्यक्ष सभागृहात स्पीकरच्या अगदी समोर उभे राहू नये आणि कानात घालायचे बोळे सोबत न्यावेत, कारण मूर मदर यांच्या प्रयोगांत कर्कश इलेक्ट्रॉनिक गोंगाटही हत्यारासारखा वापरला जातो. रचना अनेकदा एकमेकींत मिसळत जातात, त्यामुळे टाळ्यांसाठी मोकळी जागा शोधत बसू नये. मात्र एखाद्या ओळीला प्रेक्षकांतून उत्स्फूर्त हाक आली, तर तो व्यत्यय समजू नये. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील हाक-प्रतिसादाची परंपरा या संगीताच्या मुळाशी आहे.

छापील कविता मात्र प्रयोगानंतरच वाचाव्यात. अयेवा यांच्या 'फेटिश बोन्स' या अल्बमच्याच नावाचा त्यांचा कवितासंग्रह आहे; तो आधी वाचला, तर कान पुढची ओळ ताडून पाहण्यात गुंततो आणि मंचावर त्या क्षणी काय घडते आहे, ते ऐकायचे राहून जाते.