वावधनाच्या दिवसांत केळी आणि माणसं

दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, चारच्या सुमारास सातपुड्याकडे काळं दाटून येणं, आणि पावसाच्या आधी धूळ घेऊन येणारा गार वाऱ्याचा झोत. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात भ्यायचं ते या झोतालाच, या वावधनालाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला नुसती पानं फाटतात, ६० ला घडासकट खोडं मोडतात. जून-जुलैत लावलेली मृगबाग मे-जूनमध्ये कापणीला येते, म्हणजे झाड सगळ्यात जड असतं तेव्हाच वादळं असतात.

म्हणून निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की झाडाला लगेच आधार द्यायचा. झाड घडाच्या बाजूला झुकतं, तेव्हा दोन बांबूंची कैची त्याच बाजूने लावा. बांधायची प्लास्टिकची पट्टी वापरत असाल तर झुकाव आहे त्याच्या उलट दिशेच्या झाडाच्या बुंध्याला ओढून बांधा. पट्टीत पैसे वाचवू नका. एक घड पडला तरी त्यापेक्षा जास्त जातात. बांधावर शेवरी किंवा गजराज गवत दाट असेल तर पहिला मार तेच खातं, पण ते लागवडीच्या वेळीच लावायला हवं. वादळाचा इशारा असताना भरपूर पाणी देऊ नका. ओल्या, सैल मातीत झाड मुळासकट उलथतं.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तातडीचा अंदाज पुढच्या तीन तासांचा असतो. जवळपासच्या विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर ठेवा, आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही त्या सालदाराला, मजुराला आपण स्वतः सांगा. नारिंगी दिसला की त्या दुपारचं शेतातलं काम थांबवा. गोठ्याचे सुटे पत्रे दोरीने आवळा, वर दगड ठेवून भागत नाही. उडालेला पत्रा आणि दगड दोन्ही माणसावर येतात. गुरं झाडाखाली बांधू नका, कडबा झाकून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वारा सुटल्यावर बाग वाचवायला कोणीही निघायचं नाही. त्या घडीला तिथे करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि अंगावर मात्र झाड, बांबू, वीज काहीही येऊ शकतं. आपल्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाईट असते, मोटार बंद करायला धावण्याची सवय लागलेली असते. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर उभं राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका. मोटार चालू राहिली तर राहू द्या. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, १९१२ वर कळवा.

वीज चमकत असेल तर पक्क्या घरात जा. निंबाखाली, उघड्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरवर थांबू नका. शेतात अडकलाच तर पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली घाला, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कोणावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.

वादळ गेल्यावर आवरायची घाई नको. आधी फोटो काढा, फळपीक विमा असेल तर ७२ तासांच्या आत नुकसान कळवा, तलाठ्यांना पंचनाम्यासाठी सांगा. त्यानंतर पडलेल्यातले भरलेले घड लगेच विकायला काढा, मोडलेलं खोड कापून बुंध्याशी एकच जोमदार पील (नवा कोंब) ठेवा. नुसती फाटलेली हिरवी पानं काढू नका. उभ्या झाडावरचा घड त्यांच्याच जोरावर भरतो.